आधी अर्ज, मग पोच

दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांच्या पदांची बातमी आता सगळ्यांच्या वाचनात आली आहे. राज्याने 2024 मध्ये 4,860 पदांना मान्यता दिली, मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना अशी पदं जाहीर करायला लावली. आकडा मोठा दिसतो, पण हिशेब आहे केंद्रामागे एका शिक्षकाचा, आणि एका केंद्रात दहाच्या आसपास शाळा. म्हणजे भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकसारख्या गावात हे शिक्षक फिरतीवर येणार. ते नसतील त्या दिवशी मुलाची बाजू मांडायची ती पालकांनीच. आणि माझं ठाम मत आहे की ती लेखी मांडावी.

एरवी काय होतं? शाळा सुटताना आई फाटकाशी बाईंना गाठते. "बाई, जरा याच्याकडे लक्ष द्या हो." बाई म्हणतात, "देते ना, काळजी करू नका." दोघीही मनापासून बोलतात. पुढे बाईंची बदली होते आणि नव्या गुरुजींना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मुलाचं एक वर्ष त्यात जातं.

अर्जात "मुलगा अभ्यासात कच्चा आहे" असं लिहून उपयोग नाही. घरी रोज जे दिसतं ते लिहावं. उदाहरणार्थ: "माझा मुलगा तिसरीत आहे. तोंडी गणित पटकन सोडवतो. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायला त्याला पूर्ण तासिका लागते. जोडाक्षराशी अडतो, वाचताना ओळ सुटते. डोळे तपासले, नंबर नाही. त्याची अध्ययन अक्षमतेसाठी चाचपणी करावी. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावं, लिहायला जादा वेळ द्यावा, तोंडी उत्तरं ग्राह्य धरावीत. विशेष शिक्षक येतील त्या दिवशी मला बोलवावं." एवढं पुरे. दोन प्रती काढाव्यात. एक शाळेला द्यायची, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेऊन ती घरी जपायची.

अर्जातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरवताना पालकांना बैठकीत जागा दिली. न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांना शाळेकडून त्या बैठकीचं रीतसर बोलावणं येतं. आपल्याकडे ते मागून घ्यावं लागतं, म्हणून मागावं.

अशा अर्जावर अनेकदा उत्तर येतं, "आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू." हे उलटं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधलं सोळावं कलम पालकांनी पाठच करावं. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं, त्याची प्रगती पाहत राहणं ही शाळेची कामं म्हणून तिथे लिहिलेली आहेत. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच प्राथमिक चाचपणी करायची असते, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर आठ वर्षांआधी मिळतही नाही. मग दुसरीतल्या मुलाने काय करायचं, नुसतं थांबायचं?

प्रमाणपत्र नको असं मी म्हणत नाही. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना ते लागतं, आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यावर उभा राहतो. पण त्यासाठी पुण्याला जायचं म्हणजे घरातल्या कुणाचा तरी रोज बुडतो. तपासणीच्या वेळी एक गोष्ट आवर्जून विचारावी: चाचणी मराठीतून आहे ना? मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यावर जोखणं हा सरळ अन्याय आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी 2015 पासून मराठीतही आहे.

अर्जाला उत्तर आलं नाही, तर पोच जोडून दुसरा अर्ज केंद्रप्रमुखांना, तिसरा भोरच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शिक्षण हक्क कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. हे तीन महिने मोजायचे कुठून, तर तक्रारीच्या पोचेवरच्या तारखेपासून. तिथेही दाद लागली नाही, तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, ही वरव्याच्या पालकांची जमेची बाजू.

एका सूचनेला मात्र लगेच मान डोलावू नये: "याला घरीच शिकवू या." शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय केली, ती निवड म्हणून. निवड मुलाची आणि घरच्यांची. वर्गात गडबड होते, मदतनीस नाही, रॅम्प नाही, या कारणांनी मूल घरी बसवलं जात असेल तर पालकांनी ती कारणं शाळेकडून लिहून मागावीत. कायद्याने ज्याला शाळेची दारं उघडून दिली ते मूल पुन्हा उंबऱ्याआड जाताना पाहून माझा संताप होतो.

राहिली शाळा व्यवस्थापन समिती. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि दिव्यांग मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि सरकारचं अनुदान त्याच आराखड्याच्या आधारे ठरावं, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. रॅम्प, कठडा असलेलं स्वच्छतागृह, येण्या-जाण्याच्या वाहनाचा खर्च हे सगळं त्या आराखड्यात घालून घ्यावं, आणि सभेच्या इतिवृत्तात आपली मागणी नोंदली गेली का ते सही करण्याआधी वाचून पाहावं.