खरी रेघ, खोटी रेघ

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतून हवे तेच प्रथिन ओळखावयाचे, तर प्रतिपिंडाचे साहाय्य घ्यावे लागते. कारण प्रतिपिंड आपल्या ठराविक प्रथिनालाच घट्ट बिलगते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे टोबिन, स्टेहेलिन व गॉर्डन यांनी १९७९ साली या गुणावर आधारलेली एक पद्धती प्रसिद्ध केली. जेलमध्ये विजेच्या साहाय्याने विलग केलेली प्रथिने नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पटलावर उतरवून घ्यावयाची, त्यांवर प्रतिपिंड सोडावयाचे, आणि त्या प्रतिपिंडाला धरणाऱ्या दुसऱ्या, खूण लावलेल्या प्रतिपिंडाने त्याची जागा दाखवावयाची, अशी ही रीत. १९८१ साली तिला ‘वेस्टर्न ब्लॉट’ हे नाव मिळाले.

परंतु पटलाला कोणतेही प्रथिन चिकटते, आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच होय! मोकळ्या जागी ते चिकटले की सारे पटल काळवंडते व खरी रेघ त्यात बुडून जाते. यासच पार्श्वभूमी म्हणतात.

यावर उपाय सोपा आहे. प्रतिपिंड सोडण्यापूर्वीच मोकळ्या जागा दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकावयाच्या. प्रथम यासाठी गाईच्या रक्तरसातील अल्ब्युमिन वापरीत. १९८४ साली साय काढलेल्या दुधाची साधी भुकटीही हे काम उत्तम करते, असे दाखविण्यात आले. तिचा सुमारे ५ टक्के विद्राव पुरतो. नीरक्षीरविवेक येथे दुधानेच साधतो, असे म्हणावयास हरकत नाही! मात्र दुधातील केसीनमध्ये फॉस्फेट असते. म्हणून फॉस्फेटयुक्त प्रथिने शोधताना बहुधा अल्ब्युमिनच पसंत करतात.

याखेरीज प्रतिपिंड पुरेसे विरल करावे, आणि सुमारे ०.१ टक्का ट्वीन-२० मिसळलेल्या विद्रावाने पटल पुनःपुन्हा धुवावे, म्हणजे सैल चिकटलेले प्रतिपिंड निघून जाते. शिवाय एक पटल पहिल्या प्रतिपिंडावाचून, केवळ दुसरे प्रतिपिंड घालून तपासावे. त्यावरही रेघ उमटली, तर ती खोटी समजावी.

ही काटेकोरी व्यर्थ नव्हे. एड्सच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात आहेत काय, याची खातरजमा अनेक वर्षे याच पद्धतीने होत असे. तेथे खोटी रेघ म्हणजे निरोगी मनुष्यास रोगी ठरविणे होय. म्हणून रेघ उमटली एवढ्यावर विसंबू नये. जे कोरे राहावयास हवे, ते कोरे राहिले आहे काय, हे आधी पाहावे.