कूर्मदृष्टि

आपल्या कोंकणांतील एखाद्या जुन्या देवालयांत पाऊल टाकावें, तों सभामंडपाच्या फरशींत कोरलेलें कांसव प्रथम दृष्टीस पडतें. त्यास नमस्कार करून मगच आपण देवाकडे वळतों. संतवाङ्मयांत तर कांसवी ही वत्सल मातेची प्रतिमाच होऊन बसली आहे. ती पिलांस दूध पाजीत नाहीं, चारा भरवीत नाहीं. केवळ दृष्टीनें त्यांचें पोषण करते, असा कविसंकेत आहे. सावर्डें येथें उभी हयात शिक्षकी पेशांत घालवितांना ही ‘कूर्मदृष्टि’ आम्हीं किती वर्गांना समजावून दिली असेल, त्याची गणती नाहीं. परंतु समुद्रकांसवाचें पिलूं आम्हीं स्वतः पाहिलें तें साठी उलटल्यावर. आणि त्याच वेळीं कळलें कीं, ती माता आपल्या पिलांकडे एकदांही पाहत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या या जातीस ऑलिव्ह रिडले असें नांव आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केव्हां तरी रात्रीं मादी वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनीं दीडएक फूट खोल खड्डा खणते, त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वर वाळू दाबते आणि समुद्रांत निघून जाते. पुढचे पन्नासएक दिवस वाळूची ऊब हीच त्या अंड्यांची आई. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, कमी तापली तर नर. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञास ज्याची उपमा दिली आहे, तें कांसव आपले अवयव आंत ओढून घेतें. या समुद्रकांसवास तेंही साधत नाहीं. याचें डोकें आणि पाय कवचाबाहेरच राहतात. अशा या निराधार जीवाचीं अंडीं कोल्हीं-कुत्रीं उकरून खात, आणि माणसेंही नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा गुन्हा ठरविला होता. पण रात्रीच्या काळोखांत वाळूवर कायदा उभा नव्हता.

मग उभें कोण राहिलें? आमच्या सावर्ड्याहून पांच-सहा कोसांवरील चिपळुणांत १९९२ सालीं ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिचे प्रवर्तक. २००२ सालीं समुद्री गरुडांची पाहणी करीत ही मंडळी किनाऱ्यानें हिंडत असतां, मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें कांसवांच्या घरट्यांच्या खुणा त्यांस आढळल्या. वेळास म्हणजे नाना फडणिसांचें मूळ गांव. इतिहासाच्या तासाला त्याचें नांव आम्हीं शंभरदां घेतलें असेल. त्याच्या वाळूंत काय चाललें आहे, याची मात्र आम्हांस वार्ता नव्हती.

या मंडळींनीं व्याख्यानें देऊन गांवास लाजविलें नाहीं. किनारा ज्यांच्या पायांखालचा, त्या गांवच्याच तरुणांस हाताशीं धरून पहांटे गस्त सुरू केली. घरटें सांपडलें कीं अंडीं हलक्या हातानें काढावयाचीं, कुंपण घातलेल्या जागीं तितकाच खोल खड्डा करून त्यांत ठेवावयाचीं, वर तारखेची पाटी लावावयाची. दिवस भरत आले कीं टोपली पालथी घालून ठेवावयाची. पहिल्याच हंगामांत ५० घरटीं राखलीं गेलीं आणि अडीच हजारांहून अधिक पिलें समुद्रांत पोंचलीं. पुढें केळशी, आंजर्लें, कोळथरें, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर अशीं एकेक गांवें या कामास मिळालीं. मग वेळासला कांसव महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरींच उतरतात, ओटीवर झोंपतात, केळीच्या पानावर जेवतात. त्यामुळें चार पैसे घरच्या बायकांच्या हातीं येतात. वनखात्यानेंही हें काम आपलेंसें केलें. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं जोडलेलें यंत्र बसविण्यांत आलें व तिचें नांव ‘प्रथमा’ ठेवण्यांत आलें. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर जिला क्रमांकाची खूण बांधली होती अशी एक मादी २०२५ सालीं गुहागरास अंडीं घालावयास आली! एका गांवानें राखलेलें धन असें किती दूरच्या समुद्राचें असतें, पाहा.

आम्ही वेळासला गेलों तेव्हां पहांटे दोरीमागें शंभरएक माणसें निःशब्द उभीं होतीं. टोपली उचलली, तळहातावर सहज मावतील अशीं काळसर पिलें लाटेच्या दिशेनें खुरडत निघालीं. हजारांतून एखादेंच मोठें होतें, असें म्हणतात. आमच्या यजमानांचे वृद्ध वडील शेजारीं उभे होते. ते हळूच म्हणाले, “गुरुजी, लहानपणीं हीं अंडीं आम्हीही खाल्लीं हो. आतां नातूच राखणीला जातो. त्याच्यासमोर नांव काढायची सोय नाहीं.”

त्या शब्दांनीं आम्ही मनांत चपापलों. म्हाताऱ्यानें आपलें खाल्लेलें कबूल केलें, आमचें काय? रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक रान सरकारी नसून खाजगी मालकीचें आहे. सहा वर्षांपूर्वीं आमच्या वाटणीचा डोंगरउतार आम्हीं एका ठेकेदारास तोडीसाठीं दिला. चार दिवसांत ऐन, किंजळ, खैर आडवे झाले. पैसे छपराच्या दुरुस्तींत गेले. उताराखालचा झरा मात्र त्यानंतर होळीच्या आधींच आटूं लागला. गांवच्या अज्ञानाला नांवें ठेवणारे आम्ही सुशिक्षित. पण आमची दृष्टि आमच्याच रानावर नव्हती.

परत आल्यावर उरलेला तुकडा आम्हीं राखावयास घेतला आहे. शेजारच्या उताराचे मालक मुंबई-पुण्यास असतात. त्यांस पत्रें घातलीं. एकाचें उत्तर आलें, ‘यंदा तोड देत नाहीं.’ संस्था म्हणावी असें यांत कांहीं नाहीं. परंतु चिपळुणची संस्थाही प्रथम चार माणसांचीच असणार. ज्या वाचकांचें कोंकणांत वाडवडिलांचें रान असेल, त्यांनीं पुढच्या खेपेस देवदर्शन आटोपून एकवार तिकडेही जावें, एवढीच विनंति.