मनोरा-उडी : वाऱ्याचा अंदाज

नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या आकाशक-मनोऱ्यांवरून हवाई छत्रीच्या साहाय्याने मारावयाच्या उडीत वाऱ्याची परीक्षा हे प्रमुख अंग होय. इमारत, आकाशक, पूल व कडा या स्थिर स्थानांवरील उड्यांना त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘बेस’ उड्या म्हणतात. ही संज्ञा रूढ करण्यात अमेरिकन चित्रपट-छायालेखक कार्ल बेनिश याचा वाटा मोठा आहे. १९८४ मध्ये नॉर्वेतील ट्रोल भिंतीवरून उडी मारताना त्याचा मृत्यू झाला.

उंच मनोरे बहुधा बारीक व जाळीदार असून ताण-तारांनी उभे धरलेले असतात. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात ब्लँचर्डजवळ १९६३ मध्ये उभारलेला असा मनोरा मुळात सु. ६२८ मी. उंच होता. तारा सामान्यतः तीन दिशांना, परस्परांशी १२०° कोन करून बांधतात. दोन तारांमधील मोकळ्या भागाच्या मध्यरेषेवरून, वारा पाठीशी घेऊन उडी मारणे इष्ट असते. छत्री कधीकधी उलट्या दिशेला तोंड करून उघडते व मनोऱ्याकडेच झेपावते. पाठीमागचा वारा अशा वेळी उडी मारणाऱ्यास मनोऱ्यापासून दूर लोटतो. म्हणून अगदी निर्वात हवेपेक्षा मंद व एकसारखा वारा येथे अधिक सुरक्षित ठरतो, ही गोष्ट नवख्यास सहसा पटत नाही.

जमिनीवरील वाऱ्यावरून माथ्यावरील वारा ओळखणे धोक्याचे असते. जमिनीच्या घर्षणामुळे खालची हवा मंदावते. सपाट, मोकळ्या प्रदेशात १० मी. उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मी. असेल, तर दिवसा ३०० मी. उंचीवर तो ५ मी.च्या आसपास असू शकतो. रात्री हा फरक पुष्कळ वाढतो. सूर्यास्तानंतर जमीन निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर साचतो व वरच्या हवेशी त्याची मिसळण थांबते. मग खाली पानही हलत नाही आणि काहीशे मीटरांवर जोराचा प्रवाह वाहत असतो. उत्तर अमेरिकेच्या मैदानांत तो विशेष आढळतो. मनोऱ्यांवरील उड्या बहुधा विनापरवाना, म्हणून रात्रीच मारल्या जातात. म्हणजे खालची शांतता सर्वांत फसवी असते नेमक्या त्याच वेळी. उंचीनुसार दिशाही बदलते. उत्तर गोलार्धात वारा वर जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो. हे वळण ३०° झाले, तर मध्यरेषेपासून तारेपर्यंतच्या ६०° कोनापैकी निम्मा संपतो.

यास्तव शिडी चढताना टप्प्याटप्प्यावर थांबून वारा पाहावा लागतो. माथ्यावरून हलक्या कागदाची पट्टी सोडल्यास ती कोणत्या थरात कोठे वळते हे दिसते. अंधारात मात्र हा उपाय फारसा उपयोगी पडत नाही. सरासरी वेगापेक्षा झोतांमधील चढउतार अधिक महत्त्वाचा असतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या प्रवाहांमुळे झोत अनियमित होतात. जाळीदार मनोऱ्यामागे इमारतीमागच्याइतके मोठे भोवरे निर्माण होत नाहीत, एवढीच काय ती सवलत. वारा प्रतिकूल आढळल्यास त्याच शिडीने खाली उतरावे लागते. दोन-तीन तास चढून आलेल्या थकलेल्या माणसाला हा निर्णय जड जातो. त्यामुळे उडी रद्द करण्याची वाऱ्याची मर्यादा चढण्यापूर्वीच ठरवून ठेवतात.