आतड्यातील गाठी आणि दूध

तान्ह्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसले, तर कारण पुष्कळदा गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी हे असते. या प्रथिनांना शत्रू समजून आतड्याच्या अस्तरातील लसिका पेशींचे पुंजके फुगतात. दुर्बिणीतून ते बारीक गाठींसारखे दिसतात. आईच्या व बाळाच्या आहारातून दूध वगळले की रक्त थांबते.

२ ते १० वर्षांच्या मुलांत मात्र न दुखता रक्त पडले, तर बहुधा देठ असलेली साधी गाठ, म्हणजे पॉलिप, असतो. त्यातही ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी सापडतात. मग दोष ॲलर्जीचाच म्हणायचा का? आपण घाई करू नये. आगीच्या जागी बंबवालेही असतातच! पॉलिप सहसा दुर्बिणीतून काढतात. म्हणून मुलाचे दूध तोडण्याआधी आपण डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.