ई-क्लासची वाट

लहानपणी रिद्धपुरात आमचा दिवस ढोरकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, हाकेनं सुरू व्हायचा. माय गाईंची दावी सोडायची आणि मी त्यांना हाकत, गावची गुरं गोळा होतात त्या आखरापर्यंत न्यायची. तिथून गावभरची ढोरं ई-क्लासकडे निघायची. बाकीचा महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो, त्या सरकारी चराईच्या जमिनीला आम्ही वऱ्हाडातली माणसं आजही ‘ई-क्लास’च म्हणतो. कधी शाळेत न गेलेल्या माझ्या मायच्या तोंडीही हाच शब्द होता.

आमच्याकडे गुंठाभर शेत नव्हतं, तरी दारात दोन गाई होत्या, कारण त्यांना चरायला जागा होती. मायच्या गवऱ्या, आमची बोरं, चुलीच्या काटक्या हे सगळं तिथूनच यायचं. ज्याच्याकडे स्वतःचं काही नसतं त्याचा संसार सर्वांच्या जागेवर चालतो, हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी पायांनी शिकले.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीत एका लेआऊटमध्ये घर घेतलं. घरासमोर ओपन स्पेस होती. कडेनं कडुनिंब, मधे पाळणे, फिरायला गोल ट्रॅक. घर पसंत पडलं ते त्या कडुनिंबांमुळे. वर्षभरात तिथं फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं आणि पाटी आली: ‘फक्त रहिवाशांसाठी’. माझ्याकडे कामाला येणारी बाई तिची दोन लेकरं सोबत आणायची. लेकरं रोज पाळण्यावर बसायची. पाटी लागली त्या दिवशी दोघं फाटकाच्या गजांत तोंड घालून उभी होती. त्यांची माय मला म्हणाली, “मॅडम, पोराईले आतमंदी काहून जाऊ देत नाई?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी थेट रिद्धपूरपासून सुरुवात केली.

रिद्धपूर ही महानुभावांची काशी, गोविंदप्रभूंचं गाव. इथल्याच वाजेश्वरीत लीळाचरित्र लिहिलं गेलं आणि त्याच पुण्याईवर आज इथं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहत आहे. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांच्याच गोविंदप्रभुचरित्रात एक लीळा आहे. पाण्यावाचून जीव जाऊ लागलेल्या मातंगांनी राऊळांना, म्हणजे गोविंदप्रभूंना, विनवणी केली. राऊळांनी ती ऐकली आणि त्यांच्यासाठी विहीर झाली. तेराव्या शतकातली ही गोष्ट शिकवताना माझा गळा दर वेळी भरून यायचा. पण वय वाढलं तसा एक प्रश्नही पडू लागला. मातंगांना वेगळी विहीर मिळाली. गावच्या विहिरीवर त्यांचा हात पडला का? करुणेनं तहान भागते. हक्क मात्र त्याच पाण्यावर, सगळ्यांच्या बरोबरीनं उभं राहायचा असतो.

त्या हक्काची लढाई महाडला झाली. सी. के. बोले यांच्या ठरावावरून मुंबईच्या कायदेमंडळानं 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचं मान्य केलं. पाठोपाठ महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागद तयार होता, पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्याकडे चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 ला, म्हणजे दहा वर्षांनी, अस्पृश्यांच्या बाजूनं लागला.

महाडच्या सत्याग्रहानंतर तीनच वर्षांनी आमच्या वऱ्हाडातही असंच पाऊल पडलं. राखीव जंगलांच्या कायद्यानं गावकऱ्यांचा चराईचा आणि गवत-सरपणाचा जुना वापर गुन्हा ठरला होता. 10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून तो कायदा मोडला आणि अटक करून घेतली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. सर्वांची जागा सर्वांची राहायला दोन गोष्टी लागतात, नोंद आणि वहिवाट. महाडला नोंद होती, वहिवाट नव्हती. पुसदला वहिवाट होती, नोंद उलटी होती. दोन्हींपैकी एक तुटली की जागा हातची जाते.

आज ई-क्लासची नोंद शाबूत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 प्रमाणे गुरचरण, स्मशान, गावठाण अशा कामांसाठी जमीन राखून ठेवतात. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला सगळ्या राज्यांना गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यानंतर 12 जुलै 2011 ला महाराष्ट्रानं गायरानाबाबत शासन निर्णय काढला. वहिवाट मात्र तुटली. गुरं कमी झाली, ढोरकी ठेवणं परवडेना, आखर ओस पडलं. पाय पडेनात, तशी कुंपणं पुढे सरकली.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ई-क्लासवर झोपडी बांधून किंवा दोन एकर कसून जगणारं भूमिहीन कुटुंब आणि त्याच जमिनीवर कुंपण घालणारा धनवान यांना एका तराजूत तोलणं अन्याय आहे. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले ते अशाच पडीक सरकारी जमिनींसाठी. 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण पुढे राज्यानं आणलं. जगपाल सिंग निकालातही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारनं दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी यांचा अपवाद आहे. अतिक्रमण हटवायची मोहीम निघाली की बुलडोझर आधी झोपडीपाशी पोचतो. तो उलट्या टोकानं निघायला हवा.

शहरात हाच प्रश्न ओपन स्पेसचा. साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआऊट पाडला तर किमान 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती मुळात तिथल्या रहिवाशांसाठी असते, हे खरं. पण आमच्या ओपन स्पेसमधले पाळणे, ट्रॅक, दिवे हे सगळं सरकारी निधीतून आलं होतं. तो पैसा माझ्या कामवाल्या बाईनं काडेपेटी घेताना भरलेल्या करातूनही आला आहे. संविधानाचं कलम 15(2) सांगतं की सरकारी पैशावर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत गरिबी नाही. आजची कुलपं नेमकी त्याच फटीत बसतात. कुणी जात विचारत नाही. ‘रहिवासी आहात का’ एवढंच विचारतात, आणि फाटकाबाहेर मात्र तीच लेकरं उरतात. बागेचं तिकीट हेही तसंच कुलूप आहे. पाच माणसांच्या घराला ते एका दिवसाच्या भाजीएवढं पडलं की बाग त्यांच्यासाठी बंदच.

मी नगररचना विभागातून लेआऊटचा मंजूर नकाशा मागवला. ओपन स्पेसच्या कामाला पैसा कुठून आला तो कागदही माहिती अधिकारात मिळवला. दोन्ही घेऊन रहिवाशांच्या बैठकीत उभी राहिले. वाद झाला. ‘बाहेरची पोरं झाडं तोडतात’ असं एक जण म्हणाले. मी म्हणाले, “भाऊ, ज्यांना आत घेतलंच नाही त्यांना झाड आपलं कसं वाटेल? आधी त्यांच्या हातून एक झाड लावून घेऊ.” तीन बैठका लागल्या. पाटी निघाली. कुलूप आता फक्त रात्री लागतं. आणि फाटकाजवळ लावलेल्या करंजाला ती दोन लेकरं रोज पाणी घालतात.

तुमच्याही गावात हे होऊ शकतं. महाभूलेखवर किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे ई-क्लासचा सातबारा पाहा. अतिक्रमणांची नोंद असलेला गाव नमुना एक-ई मागा. ग्रामसभेत विषय मांडा. शहरात असाल तर मंजूर नकाशा मागा. आणि कागद हाती आला की तो कपाटात ठेवू नका, त्या जागेवर चालून या. माय म्हणायची, “पोरी, वापरली तरच जागा आपली राह्यते.” जाताना शेजारच्या वस्तीतली लेकरं सोबत न्या.