लॉगिन किती वेळ टिकतं?

एचटीटीपी या प्रोटोकॉलला आधीची विनंती आठवत नाही. म्हणून लॉगिन होताच सर्व्हर अंदाजाने ओळखता न येणारा सेशन क्रमांक तयार करून कुकी या माहितीच्या छोट्या तुकड्यातून ब्राउझरकडे देतो. पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत तो परत येतो. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी वेबवर आणली. कुकीला ‘मॅक्स-एज’ किंवा ‘एक्स्पायर्स’ने मुदत देता येते, क्रोममध्ये ती कमाल ४०० दिवस. मुदतच नसेल, तर ब्राउझर बंद झाल्यावर कुकी जायला हवी, पण मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल तर ती टिकून राहू शकते.

जळगाव-धुळ्याच्या सायबर कॅफेत एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. एकाचं सेशन उघडं राहिलं, तर त्याचा खासगी तपशील पुढच्यासमोर येतो. म्हणून सेशनची मुदत ब्राउझरवर न सोपवता सर्व्हरवरच मोजावी: काही हालचाल नसल्यास छोटी, एकूण वापरासाठी मोठी. मात्र ती फार तोकडी ठेवली, तर वीज किंवा नेट गेल्यावर अर्धा अर्ज वाया जातो, आणि ही हानी किरकोळ नाही. मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, भरलेला मजकूर जपून ठेवावा.

लॉगआउटवर नुसती कुकी पुसणं अपुरं आहे; सर्व्हरवरची नोंदही रद्द व्हावी, नाहीतर चोरलेला क्रमांक चालतच राहतो. सामायिक संगणकावर काम संपलं की टॅब बंद करून न उठता आधी ‘लॉगआउट’ दाबावं.