मोटार सुरू करण्यापूर्वी

पावसाळ्यात विहिरीवरील पंप बहुधा बंद असतो. या काळात मोटारीच्या वायंडिंगमध्ये ओल मुरते, आणि रब्बीच्या पहिल्या पाण्यास स्टार्टरची कळ दाबताच मोटार जळते. त्याहून वाईट म्हणजे, अर्थिंग सदोष असल्यास बॉडीत वीज उतरून ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

वायंडिंग व बॉडी यांमधील इन्सुलेशन वायरमन मेगरने तपासतात. मल्टिमीटरच्या बॅटरीचा दाब फार तर नऊ व्होल्ट. तेवढ्याने कमजोर इन्सुलेशनही पुष्कळदा चांगले भासते. 415 व्होल्टच्या मोटारीस 500 व्होल्टचा डी.सी. दाब लावूनच परीक्षा करावी लागते.

विद्युत्कामाचे शिक्षण घेतलेल्या तरुणास असे साधन अल्प खर्चात तयार करता येते. बॅटरीचा दाब 500 व्होल्टपर्यंत चढविणारे लहान सर्किट, 500 मायक्रोअँपिअरचा मीटर आणि 1 मेगओमचा रेझिस्टर हे सर्व एका सरीत जोडून लाकडी पेटीत बंद करावे. खरा प्राण रेझिस्टरमध्ये आहे. त्याच्यामुळे टोके एकमेकांस चिकटली तरी प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरपलीकडे जात नाही. लहान रेझिस्टर एकटा 500 व्होल्ट सोसत नाही. म्हणून 100 किलोओमचे दहा एकापुढे एक जोडावेत. येथे काटकसर करणाऱ्याने हे साधन न केलेलेच बरे! घरच्या 230 व्होल्टच्या विजेवरून हा दाब मिळविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

परीक्षेपूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व मोटारीच्या तारा स्टार्टरपासून सोडवाव्यात. एक टोक वायंडिंगच्या तारेस, दुसरे रंग खरवडलेल्या बॉडीस लावून एक मिनिट थांबावे. काटा 50 वर स्थिरावल्यास इन्सुलेशन 9 मेगओम, म्हणजे उत्तम. 250 वर आल्यास ते 1 मेगओमच उरले. त्यापुढे काटा गेल्यास मोटार मुळीच सुरू करू नये. नंतर तारेने वायंडिंग व बॉडी क्षणभर जोडल्यावाचून हात लावू नये, कारण वायंडिंगमध्ये दाब साठून राहतो.

इन्सुलेशन दुबळे असता त्यावर पूर्ण 500 व्होल्ट पडत नाहीत. त्यामुळे हे साधन मेगरची बरोबरी करीत नाही. शंका उरल्यास वायरमनकडून मेगरने खात्री करून घ्यावी.

ओल धरलेली मोटार उघडून उन्हात वाळवावी व पुन्हा तपासावी. पुरती वाळल्यावरही काटा खाली येत नसेल, तर रिवाइंडिंगवाचून गत्यंतर नाही.